साबणाचं भांडण

गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची ‘लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा’ (१९८५) मी इंग्रजीतून वाचली. चिरंतन प्रेमाची कादंबरी म्हणून तिचं फार कौतुक होतं. फ्लोरेंतिनो आपल्या फर्मिनासाठी ५१ वर्षं, ९ महिने, ४ दिवस थांबतो. तिचा नवरा डॉ. उर्बिनो पोपट पकडताना शिडीवरून पडून मरतो आणि तिच्या वैधव्याच्या पहिल्याच रात्री हा प्रेमाची शपथ घेऊन तिच्यापुढे उभा! आमच्यात विधवेची इद्दत ४ महिने १० दिवसांची. अर्धं शतक थांबलेल्याला तेवढंही थांबवू नये? फर्मिनानं त्याला हाकलून दिलं, तेव्हा कुठे मला बरं वाटलं. त्याच्या भरवशावर सोपवलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचं त्यानं जे केलं, ते वाचल्यावर तर त्याच्या वाट पाहण्याचं कौतुक मला करवेना.

मला प्रेम दिसलं ते नवरा-बायकोच्या भांडणात. न्हाणीघरात साबण नव्हता, एवढंच कारण. पण अबोला महिनोन्महिने. शेवटी डॉक्टर दमून तिच्या बिछान्यावर आडवा होतो आणि साबण होता, असं कबूल करून टाकतो. खरं तर नव्हता! अम्मी-अब्बांचे असे अबोले मी पाहिलेत. अम्मी बोलत नसे, पण अब्बांचं ताट वेळेवर झाकून ठेवलेलं असे.