फिरोजाचा रंग

गेल्या ईदला माझ्या धाकट्या भावाने आमच्या लेकीला ईदी म्हणून एक मासा दिला. काचेच्या बरणीत एकटाच, निळा-हिरवा, लांब झालरीसारखे पर असलेला. दुकानदार त्याला ‘फायटर’ म्हणतात, पुस्तकातलं नाव बेट्टा. मूळचा थायलंडकडचा, तिथल्या भातशेतांतल्या उथळ पाण्यातला. लेकीने त्याचं नाव फिरोजा ठेवलं.

दिवाळीच्या सुटीत आम्ही त्याच्यासाठी वीस लिटरची टाकी आणि स्पंजचा फिल्टर आणला. स्वच्छतेची जबाबदारी मी घेतली. आमच्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ते आलं की मी टाकी पूर्ण रिकामी करायचो, खडे घासायचो, स्पंज नळाखाली पिळून पिळून धुवायचो. टाकी आरशासारखी लख्ख दिसायची आणि माझं मला कौतुक वाटायचं.

डिसेंबरात एका सकाळी लेक म्हणाली, “अब्बू, इसका रंग उडरा.”

खरंच उडत होता. अंगावर फिकट आडव्या रेघा, पर मिटलेले, आणि मासा तळाशी पडून. मी विचार न करता म्हणालो, “तूच जास्त खायला घालतेस. उरलेलं सडतं.” खाद्याची डबी तिच्या हातातून काढून मी कपाटावर ठेवली. ती काही बोलली नाही. पुढचे तीन दिवस ती टाकीजवळ फिरकलीही नाही.

मी बाजारातून एका निळ्या औषधाची बाटली आणली. सुदैवाने ओतण्याआधी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, “सर, बाटली फोडू नका. आधी मासा नीट बघा, मग पाणी तपासा.”

मोबाईलचा टॉर्च तिरपा धरून बघितलं. अंगावर सोनेरी धूळ दिसली असती तर तो परजीवींचा आजार. कापसासारखे पांढरे चट्टे असते तर जिवाणू किंवा बुरशी. दोन्ही नव्हतं. काही बेट्टांचा रंग आजाराशिवायही बदलतो आणि म्हातारपणी फिका होतो, पण तेव्हा मासा असा मलूल पडून राहत नाही.

मग पाणी. तपासणीच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घेऊन थेंब टाकले. अमोनिया नसेल तर रंग पिवळा राहतो. आमचा हिरवा झाला. थर्मामीटर टाकला तर सकाळचं तापमान २० अंश. या माशाला २४ ते २८ लागतं.

सरांनी समजावलं ते असं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर आणि खड्यांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला काही आठवडे लागतात. मी दर खेपेला ती क्लोरीनच्या ताज्या पाण्याने धुऊन टाकत होतो. वर त्या निळ्या औषधाने उरलेसुरले जिवाणूही मेले असते. टाकी लख्ख होती आणि पाणी विषारी.

म्हणजे चूक लेकीच्या चिमटीची नव्हती, माझ्या हातांची होती.

मी उपाय सुरू केले. बादलीत एक दिवस उघडं ठेवलेलं पाणी, टाकीच्या पाण्याइतकंच कोमट करून, रोज फक्त चौथा हिस्सा बदलायचं. (नळाच्या पाण्यात क्लोरामाइन असेल तर नुसतं ठेवून भागत नाही, ते निकामी करणारे थेंब घालावे लागतात.) स्पंज नळाखाली नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. छोटा हीटर लावला आणि तापमान हळूहळू वाढवलं. खाद्य दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कपाटावरची डबी काढून लेकीच्या हातात दिली. म्हणालो, “बेटा, पाणी मीच खराब केलं होतं. तुला उगाच बोललो.” तिने डबी हलवून बघितली आणि विचारलं, “तीन दिवस तुम्ही त्याला खायला घातलं होतं ना?”

घातलं नव्हतं. मी विसरलो होतो. तेही कबूल केलं.

बीएडला आम्हाला शिकवलं होतं की मूल अचानक गप्प झालं तर आधी त्याच्या भोवतालाकडे बघा. परीक्षेत मी त्यावर चांगले गुण मिळवले होते. वर्गात बहुतेक वेळा लक्षातही राहतं. घरी मात्र माझं बोट आधी मुलीकडे गेलं.

तीन आठवड्यांनी नळीतला रंग पिवळा आला. त्यानंतर रोजचं पाणी बदलणं आठवड्यावर आणलं. फिरोजाचा निळा परतला, शेपटीची एक कड तेवढी फिकी राहिली. आता टाकीशेजारी एक वही असते. तारीख, तापमान, अमोनिया. अक्षर लेकीचं. परवा मी पाणी बदलताना ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अब्बू, चौथा हिस्साच हं.”