उद्यापासून येऊ नको

माणसाला कामावरून काढायला आमच्या शिक्रापुरात तीनच शब्द लागतात: "उद्यापासून येऊ नको." कायद्याचं मात्र एवढ्यावर भागत नाही.

नगर रस्त्यावरचे एक हॉटेलवाले (नाव सांगत नाही, चहा अजून तिथेच पितो) तावातावाने आले. "मास्तर, गड्याला काढायचाय. पत्र लिहून द्या."

गडी अकरा वर्षांचा जुना. म्हटलं, "काम उरलं नाही म्हणून काढाल, तर महिन्याची नोटीस आणि पुऱ्या वर्षामागे १५ दिवसांचा पगार. १९४७ च्या कायद्यात होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे."

मालकांनी बोटांवर हिशेब केला. १६५ दिवस!

"मग गैरवर्तन लावा!"

"लावू. पण आरोप लेखी द्यायचा, त्याचं म्हणणं ऐकायचं, चौकशी करायची. काढायचं की नाही ते मग."

"माझ्याच हॉटेलात मी त्याचं ऐकायचं?"

ऐकावं लागलं. आरोप असा, की वहीत उधारी लिहीत नाही. गड्याने फडकं खांद्यावर टाकलं.

"मालक, उधारी तुमच्या मेव्हण्याची. म्या दोनदा लिवली. वैनींनी पान फाडलं."

चौकशी तिथेच तहकूब झाली.