विचार करून सांगते

मराठी माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणे जड जाते. म्हणूनच बहुधा त्याने 'विचार करून सांगतो' हे सोयीचे वाक्य शोधून काढले असावे. वर्गणी मागायला आलेल्यांना ते सांगावे, स्थळ घेऊन आलेल्यांना सांगावे. आमची ताई मात्र ते गेली काही वर्षे स्वतःलाच सांगत होती.

ताई अंधेरीच्या एका कार्यालयात नऊ वर्षे लिपिक आहे. मुलुंडहून घाटकोपर लोकलने आणि तिथून अंधेरी मेट्रोने, असा तिचा रोजचा रस्ता. 2014 च्या जूनमध्ये ही मेट्रो सुरू झाली तेव्हा पूर्व आणि पश्चिम उपनगरांतले अंतरच जणू कमी झाले. ताईचे कार्यालयातले अंतर मात्र जिथल्या तिथे राहिले. अधिकारीपदासाठी खात्यांतर्गत परीक्षा असते. तिचा फॉर्म दोनदा आला आणि दोनदा कपाटातल्या साड्यांखाली गेला. तिने काम शिकवलेली दोन मुले त्या परीक्षेला बसली, पास झाली आणि आता तिच्या रजेच्या अर्जावर सही करतात. तिला त्यांचा राग नाही. पण घरी आल्यावर ती पुष्कळ वेळ भांडी घासत बसते, त्यावरून आम्ही काय समजायचे ते समजतो.

ताई आळशी नाही, मठ्ठ तर मुळीच नाही. तिचा दोष असलाच तर एवढाच, की तिला सगळे आधी दिसते. फॉर्म भरला तर अभ्यास, अभ्यास केला तर मुलाच्या शाळेकडे दुर्लक्ष, पास झाले तर बदली, बदली झाली तर सासूबाईंचे औषधपाणी, आणि नापास झाले तर जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना लोकांच्या नजरा. फॉर्मवर नाव लिहायच्या आधीच ती बदलीच्या गावी जाऊन, घर भाड्याने घेऊन, तिथे एकटी रडून परत आलेली असते! त्यात आमच्या आईचे 'पदरी पडले आणि पवित्र झाले' हे घोषवाक्य चालूच असते.

अशा माणसाला 'आत्मविश्वास ठेव' म्हणून सांगणे मला निरर्थक वाटते. आत्मविश्वास काही लोणच्याची बरणी नव्हे, की फडताळात ठेवली आणि लागेल तेव्हा काढली. मनाची समजूत घालणे इतके सोपे असते तर समर्थांना मनालाच उद्देशून 205 श्लोक कशाला लिहावे लागले असते? अर्जुनासारख्या धनुर्धराचे हातपाय गळाले तेव्हा त्यालाही 18 अध्याय ऐकावे लागले.

मी ताईला सुरेखा यादवांची हकीकत सांगितली. आपल्याच मध्य रेल्वेवरची बाई. साताऱ्याच्या शेतकरी कुटुंबातली मुलगी. कराडच्या तंत्रनिकेतनात तिने विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली. खरे तर तिला शिक्षिका व्हायचे होते. रेल्वेच्या परीक्षेला गेल्यावर आपण तिथे एकटीच बाई आहोत, हे तिच्या लक्षात आले, असे तिने मुलाखतींतून सांगितले आहे. 1989 मध्ये ती सहाय्यक चालक झाली. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून तिचे नाव घेतले जाते. पुढे मालगाडी, 2000 मध्ये बायकांची खास लोकल, 2011 च्या महिलादिनी डेक्कन क्वीन, आणि 2023 च्या मार्चमध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. सप्टेंबर 2025 मध्ये ती निवृत्त झाली. सहाय्यक चालक ते डेक्कन क्वीन या प्रवासाला 22 वर्षे लागली, ही गोष्ट मला त्या 'पहिली'पणापेक्षा मोठी वाटते. पहिल्या दिवसाचा फोटो छापून येतो. मधल्या मालगाड्यांचे कोण छापते?

त्या निमित्ताने चालकाच्या कामाबद्दल मी थोडे वाचले. गाडी चालवणाऱ्याला संपूर्ण मार्ग मोकळा आहे की नाही, हे मुलुंडला कळत नाही. त्याला कळतो तो समोरचा सिग्नल. हिरवा असला तर पुढे चला. दोन पिवळे दिवे दिसले तर वेग आवरा. एकच पिवळा असला तर पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने जा. आणि स्वयंचलित सिग्नल लाल असला, तरी रेल्वेच्या सामान्य नियमांप्रमाणे दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबून, फार जपून पुढे सरकण्याची मुभा असते. सगळे दिवे एकदम हिरवे झाल्याशिवाय निघणार नाही, असे मोटरमन म्हणू लागला, तर मुंबई कामावर पोहोचायचीच नाही.

मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. ताईने गवार मोडता मोडता ऐकून घेतले आणि म्हणाली, "गाडीला रूळ असतात गं. मला कुठे आहेत?"

यावर मला उत्तर सुचले नाही. सुरेखाबाईंच्या धैर्याने ताईची सासू सांभाळली जाणार नव्हती, हे तिचे म्हणणे खरेच होते. थोरांची चरित्रे वाचून आपण भारावतो, पण आपल्या घरचा प्रश्न त्यांत सुटत नाही.

मग एका रविवारी जुन्या कॅलेंडरचे पान फाडून मी तिच्यापुढे ठेवले आणि म्हटले, "मनात येते ते सगळे मागच्या कोऱ्या बाजूला लिही." ती आधी हसली. मग लिहू लागली. मला वाटले होते, पान पुरणार नाही. निघाल्या फक्त सात शंका! मनात त्या सातशे वाटत होत्या, कारण त्याच त्याच फिरून येत होत्या. सातांपैकी दोन निव्वळ चौकशीच्या होत्या. पास झाल्यावर बदली होतेच का, आणि नापास झाल्यास पुन्हा बसता येते का. एक अभ्यासाची होती. इंग्रजीतून टिपणी लिहायची तिला सवय नाही. एक सासूबाईंची, आणि ती खरीच अवघड. उरलेल्या तिन्ही म्हणजे 'लोक काय म्हणतील' हीच शंका तीन वेगवेगळी लुगडी नेसून आली होती.

चौकशीच्या शंका सोमवारी दुपारपर्यंत मिटल्या. पुन्हा बसता येते, आणि बदली होतेच असे नाही. नऊ वर्षांत हे तिने कुणाला विचारलेच नव्हते. विचारले तर 'हिला साहेब व्हायचे आहे वाटते' असे कुणी म्हणेल, ही धास्ती. इंग्रजी टिपणीसाठी ती आता लोकलमध्ये जुन्या फायलींतले नमुने उतरवलेली वही वाचते. मुलुंड ते घाटकोपर बसायला मिळत नाही, तेव्हा उभ्यानेच. सासूबाईंचा प्रश्न तसाच आहे. त्यावर दोघी नणंदांशी बोलायचे ठरले आहे. ते बोलणे परीक्षेपेक्षा कठीण जाईल, असे ताई म्हणते.

शंका गेल्या असे मात्र नाही. फॉर्म देऊन आली त्या रात्री ती दोनदा उठली आणि सही बरोबर जागी केली ना, हे मला विचारून गेली. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काल तिने मला झोपेतून उठवून टिपणीचा एक मसुदा दाखवला. त्यात दोन चुका होत्या. मी त्या दाखवल्या, तशी "या जाऊ देत, आधी मुद्दा बरोबर आहे का ते सांग," म्हणत ती तिथेच माझ्या पायाशी बसली.