मूग, उडीद आणि नांवांचा निवाडा

'विग्ना मुंगो' हें लॅटिन नांव वाचून मूग डोळ्यांपुढें येणार नाहीं असा महाराष्ट्रीय गृहस्थ विरळा. परंतु विग्ना मुंगो म्हणजे उडीद, आणि मुगाचें शास्त्रीय नांव विग्ना रेडिएटा! आमच्या धाकट्या बंधूंची नात वनस्पतिशास्त्राचा अभ्यास करते. तिनें हें सांगितलें तेव्हां स्वयंपाकघरांत हशा पिकला, आणि 'या शास्त्रज्ञांस श्राद्धाचे वडे करावयास सांगूं नये' असा अभिप्राय थोरल्या वहिनींनीं दिला.

हंसून सोडून देण्याजोगी मात्र ही गोष्ट नाहीं. लिनियसनें मुगास १७५३ सालीं आणि उडदास १७६७ सालीं नांव दिलें. पुढें ब्रिटिश अमदानींतील कित्येक ग्रंथकारांनीं तीं नांवें नेमकीं उलटीं लावलीं. त्यामुळें जुन्या अहवालांत 'मुंगो'चें पीक एवढें आलें असें वाचलें, तरी तें मुगाचें कीं उडदाचें, हें लेखक कोण व काळ कोणता तें पाहूनच ठरवावें लागतें. कुळथाची कथा याहून नाजूक आहे. रक्ताच्या 'ए' गटांतील पोटभेद ओळखण्यासाठीं कुळथाच्या बियांतून काढलेलें एक प्रथिन वापरतात. त्याच्या नांवांत अद्यापि 'डॉलिकॉस बायफ्लोरस' हे जुने शब्द आहेत. पण लिनियसनें ज्या वेलास तें नांव दिलें, तो शोधाअंतीं चवळीचा निघाला. कुळथास 'मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम' हें आजचें नांव क्यू येथील उद्यानांतले व्हर्डकोर्ट यांनीं १९७० मध्यें दिलें. जुन्या नांवाचा अर्थ शब्दशः घेऊन कोणी चवळी दळावयास बसला, तर रक्ताची परीक्षा होणार नाहीं हें उघड आहे.

मुलांकडून अमरकोश पाठ करून घेण्यांत आमची उभी हयात गेली, म्हणून हा घोळ आम्हांस परका वाटला नाहीं. 'अनंता' हें अमरकोशांत दूर्वेचेंहि नांव आहे आणि सारिवेचेंहि. वैद्यानें कोणतें घ्यावें? टीकाकार आपापला पक्ष मांडतात. पण सर्वांनीं एकत्र बसून एक निर्णय लिहून ठेवला, असें आमच्याकडे घडलें नाहीं. हरलेला पंडित घरीं जाऊन नवा ग्रंथ लिहावयास बसे!

शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुलाविषयीं असा निर्णय आतां जगभरचे जाणकार मिळून करीत आहेत. हें कुल लहान नव्हे. २०१७ च्या गणनेप्रमाणें त्यांत ७६५ प्रजाति व सुमारें १९,५०० जाति आहेत; सूर्यफुलाचें व ऑर्किडांचें अशीं दोनच कुलें याहून मोठीं. पहिला मोठा उद्योग इंग्लंडांत साउदॅम्प्टन येथें फ्रँक बिस्बी यांच्या पुढाकारानें विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत सुरू झाला. त्यास 'इल्डिस' म्हणत. पुढें 'लेग्यूम फायलॉजनी वर्किंग ग्रुप' या नांवानें अभ्यासक एकत्र आले. २०१७ सालीं त्यांपैकीं शंभराच्या आसपास जणांनीं एकाच निबंधाखालीं सह्या करून कुलाचे जुने तीन विभाग मोडले व सहा केले. चिंच, आपटा व बहावा हीं पूर्वीं एकाच विभागांत नांदत होतीं. आतां तिघांचीं बिऱ्हाडें निराळीं झालीं, आणि बहावा बाभळीच्या घरांत गेला. जगांतील सर्व जातींची नांवनिशी या अभ्यासकांनीं क्यूच्या सूचीशीं जुळवून घेतली आहे. नीळ जाणणाऱ्यानें निळीची प्रजाति पाहावी, बाभूळ जाणणाऱ्यानें बाभळीची, अशी ही वांटणी. मान्य नांव एकच. पण पदच्युत नांवें पुसून न टाकतां त्याच्या खालीं पर्याय म्हणून ठेवतात. ही पद्धत आम्हांस फार आवडली, कारण जुनें पुस्तक वाचणाऱ्यास तोच एक आधार असतो.

एकमत सुखासुखीं होतें असें मात्र समजूं नये. 'अकेशिया' हा मूळ ग्रीक शब्द मिसरांतील कांटेरी झाडाचा, म्हणजे आपल्या बाभळीचाच. या प्रजातींत तेराशेंहून अधिक जाति होत्या. ती एक नसून अनेक आहेत असें ठरल्यावर मूळ नांव बाभळीकडे राहावयाचें, असा नियम. पण सुमारें हजार जाति ऑस्ट्रेलियांतल्या. त्या सगळ्यांचीं नांवें बदलावीं लागूं नयेत म्हणून २००५ सालीं व्हिएन्नाच्या परिषदेंत तें नांव त्यांस देण्यांत आलें. अर्ध्याहून अधिक मतें विरुद्ध पडलीं होतीं. पण समितीची शिफारस फेटाळण्यास शेंकडा साठ मतें हवीं होतीं. २०११ सालीं मेलबर्न येथें तोच निर्णय कायम झाला. बाभूळ आतां 'व्हॅचेलिया', आणि खैर 'सेनेगालिया'. व्हॅचेल हे कंपनीच्या मकाव येथील वखारीचे पाद्री. त्यांचें नांव १८३४ सालीं वाइट व आर्नॉट यांनीं आपल्या दक्षिण हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथांत घातलें होतें, तें येथें कामास आलें.

हा निवाडा आमच्या मतें न्यायाचा नव्हे, सोयीचा होता. पोटापाण्याशीं ज्या झाडाचा संबंध, ज्याचा डिंक आमच्या बाळंतिणी खातात, त्याचें नांव संख्येच्या बळावर जावें हें बरें झालें नाहीं. तथापि आज आफ्रिकेंतले वनस्पतिशास्त्रज्ञहि व्हॅचेलियाच लिहितात. मनाविरुद्ध ठरलेलें नांव आपल्या हातानें लिहिणें किती कठीण, तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस निराळें सांगावयास नको.

क्यूच्या सूचींत मसूर हल्लीं 'व्हिसिया'मध्यें आहे, आणि वाटाणा 'लॅथायरस'मध्यें. म्हणजे जी लाखेची डाळ फार खाल्ल्यास पाय लुळे पडतात, तिच्या गोत्रांत वाटाणा! शेतकी खात्यांस हें रुचलेलें दिसत नाहीं. तेथें 'पायसम'च चालतें. वहिनींस तर आम्हीं अजून सांगितलेंच नाहीं.

चरकानें मूग, उडीद, कुळीथ या सर्वांचा एक वर्ग केला, त्याचें नांव शमीधान्य. दसऱ्यास जिचें पूजन करावयाचें ती शमी शास्त्रांत 'प्रोसोपिस'. ही प्रजातिहि २०२२ सालीं फुटली. अमेरिकेहून येऊन आमच्या माळरानांवर माजलेली विलायती बाभूळ आजवर याच नांवाखालीं होती; तिला आतां 'नेल्टुमा' म्हणावयाचें. जुनें नांव कोणास द्यावें याविषयीं या वेळीं तंटा झाला नाहीं. लिनियसनें १७६७ सालीं ती प्रजाति शमीवरूनच बांधली असल्यामुळें नांव शमीकडे व तिच्या दोन भावंडांकडे राहिलें.