डॅरीचा चेहरा

पुस्तक वाचून झालं की वर्गात त्याचा सिनेमा दाखवायचा, ही अमेरिकेतल्या मिडल स्कूलची, म्हणजे सहावी ते आठवीची, जुनी रीत. बहुतेक ठिकाणी तो सिनेमा बक्षीस म्हणून येतो आणि मागोमाग एक कागद वाटला जातो. त्यावर एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं. डावीकडे फक्त पुस्तकातलं, उजवीकडे फक्त सिनेमातलं, मध्ये दोन्हींतलं. मुलं भराभर लिहितात: हा प्रसंग गाळला, तो मागेपुढे केला. कागद भरतो आणि विचार सुरू व्हायच्या आत तास संपतो.

सातवी-आठवीला इंग्रजी शिकवताना या वर्तुळांचा मला मनापासून राग येतो. अनेक राज्यांनी २०१० पासून स्वीकारलेल्या ‘कॉमन कोअर’ निकषांत याहून कितीतरी नेमकी अपेक्षा आहे. सातवीच्या मुलाला प्रकाश, ध्वनी, रंग, कॅमेऱ्याचा कोन यांचा परिणाम ओळखता यावा. आठवीच्या मुलानं दिग्दर्शकानं आणि नटांनी घेतलेल्या निर्णयांची पारख करावी. नुसती फरकांची यादी कुणी मागितलेलीच नाही.

आठवीला मी एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ घेते. हिंटन ओक्लाहोमा राज्यातल्या टल्साच्या. शाळेत असतानाच त्यांनी ही कादंबरी लिहिली आणि १९६७ मध्ये ती छापून आली तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. गरीब वस्तीतले ‘ग्रीझर’ आणि पैसेवाल्या घरांतली पोरं यांच्यातलं वैर, त्यात गेलेले जीव आणि आईवडिलांच्या माघारी एकमेकांना धरून राहिलेले तीन भाऊ, अशी ही गोष्ट. तिच्यावर सिनेमा निघाला तोही एका शाळेमुळे. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो भागातल्या लोन स्टार शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी १९८० मध्ये मुलांच्या सह्यांनिशी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलांना पत्र लिहून तो करायची विनंती केली. १९८३ मध्ये सिनेमा आला आणि त्या शाळेचे आभार त्यांनी पडद्यावर मानले. हे सांगितलं की मागच्या बाकांवरची मुलंही सावरून बसतात.

गोष्ट सांगतो चौदा वर्षांचा पोनीबॉय. पुस्तक संपताना कळतं की आपण वाचलं ते सगळं त्यानं इंग्रजीच्या सरांसाठी लिहिलेला निबंध होता. सुरुवातीचंच वाक्य शेवटी परत येतं. म्हणजे आपल्याला दिसलं ते पोनीबॉयला दिसलं तेवढंच. सिनेमातही तो सुरुवातीला लिहायला बसतो, पण थोड्याच वेळात कॅमेरा त्यालाच बाहेरून बघू लागतो. खरी तुलना इथून सुरू होते.

थोरला भाऊ डॅरी घ्या. वय वीस, घरांची छपरं घालायचं काम करतो, दोघा धाकट्यांना पोसतो. पोनीबॉय परत परत सांगतो की डॅरीला मी नकोसा झालोय, आणि जवळजवळ निम्मं पुस्तक आपण ते खरं मानतो. एका रात्री पोनीबॉयला घरी यायला उशीर होतो, डॅरी त्याच्या थोबाडीत देतो, पोरगं पळत सुटतं आणि पुढचं सगळं आक्रीत तिथून घडत जातं. नंतर हॉस्पिटलात डॅरीला रडताना पाहून त्याला उमगतं: आईवडील गेले तसा हाही जाईल, या धास्तीनं भाऊ इतका कडक वागत होता. पोनीबॉयचं आणि बहुतेक वाचकांचं मत एकाच क्षणी फिरतं.

पडद्यावर थोबाडीत मारणं नाही, धक्का आहे. त्याहून मोठा फरक असा की डॅरी झालेल्या पॅट्रिक स्वेझीचा चेहरा आपल्यासमोर असतो. त्याची काळजी, त्याचं दमलेपण आपल्याला आधी दिसतं, पोनीबॉयला उशिरा. कादंबरीत आपण त्याच्याबरोबर चुकतो; सिनेमात तो चुकतोय हे बघत बसतो. हा तुकडा मी आवाज बंद करून दाखवते आणि मग मुलांना पुन्हा पुस्तकाच्या पानाकडे पाठवते. तिथे मारल्यानंतर डॅरी स्वतःच्या तळहाताकडे बघतो. पोनीबॉयनं ते नोंदवलंय, पण अर्थ न लावता तो पळालाय. पहिल्या वाचनात ही ओळ कुणाच्याच डोळ्यांत भरलेली नसते. सिनेमा बघितल्यावर भरते, आणि सिनेमानं पुस्तकावर केलेला हा उपकार मला फार मोलाचा वाटतो.

मराठी वाचकाला हे परकं नाही. ‘श्यामची आई’मध्ये आई भेटते ती मोठ्या झालेल्या श्यामच्या आठवणीतून, अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटात वनमालाबाई समोर उभ्या राहतात आणि आई आपण थेट बघतो.

२००५ मध्ये कोपोलांनी स्वतःच्याच सिनेमाला २२ मिनिटं जोडून ‘द कंप्लीट नॉव्हेल’ ही आवृत्ती आणली. रात्री मधला भाऊ ‘सोडा’ पोनीबॉयची समजूत घालतो तो प्रसंग परत आला, कोर्ट आलं, शेवटाकडचं तिघा भावांचं भांडण आलं. वडील कार्माइन कोपोला यांचं संगीत मात्र बरंचसं जाऊन त्या जागी रॉक अँड रोल आलं. पुस्तक तेच, दिग्दर्शक तोच, चित्रीकरणही तेच, तरी सिनेमे दोन. मला भावांचे प्रसंग हवेत आणि जुनं संगीतही हवं. वर्गातल्या काहींना हे अजिबात पटत नाही. नवी गाणी त्या पोरांच्या वयाची आहेत, असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

वाद लेखी द्यायचा असतो. प्रत्येक मुद्द्यासमोर पुस्तकातलं पान आणि सिनेमातलं मिनिट, दोन्ही लागतात. एक जरी नसेल तर मी कागद परत देते.