पाच वल्ही आणि एक आवाज

भगवती बंदराच्या धक्क्यावर सकाळी सात वाजता उभं राहण्याचं माझं वय आता नाही. पण भाचीला सोडायला रत्नागिरीत आलो होतो, ती म्हणाली, “मामा, थांब ना जरा.” थांबलो.

ती एनसीसीच्या नौदल विभागात दुसऱ्या वर्षाला. एनसीसी 1948 ची, नौदल विभाग 1952 मध्ये जोडला गेला. मी माझ्या काळी लष्कर विभागात मैदानाची धूळ खाल्ली. ही पोरं खारं पाणी खातात. समोर 27 फुटी व्हेलर होडी. उजवीकडे तीन वल्ही, डावीकडे दोन. मग ही सरळ जाते कशी? “म्हणून तर मी आहे,” सुकाणू धरत भाची म्हणाली.

“गिव्ह वे टुगेदर!”

वल्हवणाऱ्यांची तोंडं मागे. कुठे चाललोय ते त्यांना दिसतच नाही. दिसतं फक्त तिला. दहाबारा झटके झकास पडले. मग एकाचं वल्हं पाण्यात खोल गेलं, दांडा छातीवर बसला आणि पोरगा मागच्याच्या मांडीवर. याला दर्यावर्दी ‘खेकडा पकडणं’ म्हणतात. धक्क्यावरचे मच्छीमार खदखदून हसले. मला वाटलं, आता ही त्याच्यावर ओरडणार. तिने फक्त “ओअर्स!” म्हटलं. चारही वल्ही आडवी थांबली. पोरानं वल्हं सोडवलं, छाती चोळली, पुन्हा बसला. नंतर कुणी त्याला त्यावरून चिडवलं नाही.

ओहोटी लागल्यावर हीच पोरं हातमोजे घालून किनाऱ्यावर कचरा वेचायला. एनसीसीचं पुनीत सागर अभियान डिसेंबर 2021 पासूनचं. फोटोपुरतं असेल अशी मला शंका होती. पण तो खेकडावाला वाळूत अर्धं गाडलं गेलेलं फाटकं नायलॉनचं जाळं अर्धा तास ओढत होता. शेवटी मघाशी हसणाऱ्यांतलाच एक म्हातारा कोयती घेऊन आला आणि न बोलता दोर कापायला बसला.

आता घरी परतायचं, असं मी ठरवत होतो. भाची हाताचे फोड दाखवत आली.

“उद्या सातला नाही हं मामा, पावणेआठला ये. भरती पुढे सरकते.”