व्यवसायकराचे दोनशें रुपये

गेल्या गणपतींत रत्नागिरीच्या घरीं ओटीवर वाद निघाला, तो पुतण्याच्या पगारपत्रकावरून. दरमहा व्यवसायकराचे २०० रुपये कां कापतात, असें त्यानें सहज विचारलें. हा कर १९७५ सालीं रोजगार हमीच्या खर्चासाठीं बसविण्यांत आला, असें मीं सांगतांच आमचे काका उसळले. "म्हणजे आळशांना पोसण्यासाठीं! हातपाय हालविणारा माणूस कोंकणांत उपाशी राहात नाहीं."

काका कठोर मनाचे नव्हेत. दाराशीं आलेला विन्मुख जाऊं नये, हा त्यांचा नेम. पसाभर तांदूळ घालतांना "प्रारब्ध एकेकाचें" असें ते पुटपुटतात. मौज ही कीं, वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेल्या आणि १९७७ सालीं कायद्याचें रूप पावलेल्या त्या योजनेंत आयतें कांहींच नव्हतें. मागेल त्याला काम, आणि केलेल्या कामाचें दाम! दारच्या भिकाऱ्याचें दारिद्र्य प्रारब्धाचें आणि काम मागणाऱ्याचें मात्र आळसाचें, हा निवाडा कोठून आला?

मला माळ्यावरचीं खोतीचीं दप्तरें आठवलीं. कुळाच्या नांवापुढें अर्धेल भात, वेठीचे दिवस, मागील बाकी. ती बाकी फिटल्याचें मला एकाहि पानावर आढळलें नाहीं. ज्याचें अर्धें भात पेरणीआधींच दुसऱ्याचें झालेलें, त्याला आळशी कोणीं ठरविलें असेल? आम्हींच. खोती नष्ट करण्याचें विधेयक डॉ. आंबेडकरांनीं १९३७ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें. प्रत्यक्षांत ती गेली १९४९ च्या कायद्यानें. त्यानंतर आमच्या घरीं ओढाताण झाली, ती सरकारच्या अन्यायामुळें, असें मीं लहानपणापासून ऐकलें. कुळांची ओढाताण मात्र त्यांच्या स्वभावामुळें!

हें सारें वडील माणसासमोर बोलवेना. एवढेंच विचारलें, "काका, वरकसावरचीं आपलीं कलमें कोणत्या सालचीं?"

"१९९१ चीं. कां बरें?"

१९९० पासून फळबागांची लागवड रोजगार हमीशीं जोडली गेली होती. आमच्या कलमांचे खड्डे त्याच अनुदानांतून खणले गेले; अर्जावर सही काकांचीच.

"तें बागाइतीला उत्तेजन होतें," काका म्हणाले. पण आवाज उतरला होता. इतक्यांत काकू आरतीचें तबक घेऊन आल्या. पगारपत्रक पुतण्याच्या हातीं परत देत काकांनीं विचारलें, "दोनशेंच ना रे?"